घरच्या शोधाचं पेटंट : आधी काय, मग काय

पावसाळा लागून इंदुरात भुट्ट्यांचे ठेले उभे राहिले की मला फोन सुरू होतात. "काका, किसणीला मोटर लावलीय, मस्त चालते, पेटंट काढायचंय." मी विचारतो, कुणाला दाखवलीस का? "हो, व्हिडिओला चांगले लाइक आलेत."

इथेच अर्धं काम बिघडलेलं असतं.

मी सांवेर रोडवर जिग-फिक्श्चर, म्हणजे यंत्रावर काम करताना नग पकडून ठेवणारी साधनं बनवतो. वकील नाही, पेटंट एजंटही नाही. पण स्वतःच्या दोन अर्जांपैकी एक मी हातानं घालवला आणि एक मिळवला, त्यामुळे ठेच कुठे लागते ते ठाऊक आहे. पायऱ्या बहुतेकांना माहीत असतात, चुकतो तो क्रम. म्हणून खाली क्रमावरच जास्त लिहिलं आहे. उदाहरण सगळीकडे एकच घेतो : भुट्ट्याचा कीस करायचं हातयंत्र.

## टप्पा १ : तोंड बंद, वही उघडी

पेटंटचा पाया म्हणजे नवेपणा. अर्जाच्या तारखेआधी तुमची वस्तू जगात कुठेही जाहीर झाली असेल, मग ती तुम्हीच का जाहीर केली असेना, तर नवेपणा गेला. व्हिडिओ, मंडळाच्या प्रदर्शनातला टेबल, व्हॉट्सॲपच्या मोठ्या ग्रुपवरचा फोटो, चार नग विकून पाहणं, सगळं त्यात आलं. कायद्यात काही सवलती आहेत, उदाहरणार्थ केंद्र सरकारनं अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात मांडलं आणि १२ महिन्यांत अर्ज केला तर. गल्लीतल्या गणेशोत्सवाचं प्रदर्शन त्यात बसत नाही, हे मी अनुभवानं सांगतो. माझी पहिली वस्तू होती पोह्यांवर जिरावण मसाला मोजून शिंपडणारी डबी. गणपतीत मांडली, भाच्यानं व्हिडिओ टाकला, चार महिन्यांनी मी अर्ज केला. पेटंट कार्यालयाच्या परीक्षण अहवालात माझ्याविरुद्ध पहिला पुरावा कोणता होता? भाच्याचाच व्हिडिओ, तारखेसकट.

विश्वासात घेऊन, गुप्ततेच्या अटीवर एखाद्याला दाखवणं म्हणजे जाहीर करणं नव्हे. पण ती अट कागदावर हवी. त्याचं पुढे सांगतो.

तोवर एक बांधीव वही घ्या, सुट्या पानांची नको. रोजच्या नोंदी तारखेसह करा : काय करून पाहिलं, काय फसलं, का फसलं. भारतात हक्क अर्ज आधी करणाऱ्याकडे जातो, त्यामुळे वहीनं हक्क मिळत नाही. तिचा खरा उपयोग पुढे मजकूर लिहिताना होतो, कारण फसलेले प्रयोगच "हे सहज सुचण्यासारखं नव्हतं" असं सांगायला कामी येतात.

तपासा : आजच्या तारखेला ही वस्तू घराबाहेर किती जणांनी पाहिली आहे? नावं लिहून काढा. यादी पानभर झाली तर एजंटला सर्वांत आधी तीच दाखवा. लपवू नका.

## टप्पा २ : शोध नेमका कुठे आहे ते पकडा

"कीस करायचं यंत्र" हा शोध नाही, ते वस्तूचं नाव झालं. आधी अडचण लिहा. कणीस किसणीवर घासताना दुधाळ रसानं हात घसरतो आणि बोटांची सालटी निघतात. कणीस एका टोकाला जाड, दुसऱ्याला निमुळतं, त्यामुळे सरळ किसणी बारीक टोकाला टेकतच नाही. आणि दाणे संपत आले की आतला दांडा किसला जातो, मग कीस कितीही तुपात परता, चोथा दाताखाली येतोच.

आता प्रत्येक अडचणीसमोर तुमचा कोणता भाग ती सोडवतो ते लिहा. आमच्या यंत्रात कणीस दोन काट्यांवर आडवं बसतं आणि हँडलनं फिरतं. हे जुनंच. किसणी मधोमध एका खिळीवर झुलती आहे आणि मागून स्प्रिंग तिला दाबते, म्हणून ती निमुळत्या टोकाकडे आपोआप कलते. किसणीच्या दोन्ही टोकांना खाली अडणी आहेत, दांड्याची जाडी आली की किसणी पुढे सरकतच नाही. झुलती किसणी आणि दोन अडणी यांची जोडी, शोध तिथे आहे. काटे, हँडल, ट्रे हा सगळा संसार आहे.

आणि ती मोटर? किसणीला मोटर लावणं कुठल्याही फिटरला सुचेल, त्यामुळे परीक्षक त्यात शोधाची पायरी, म्हणजे जाणकारालाही सहज न सुचणारं पाऊल, मानत नाही. पेटंट कायद्याच्या कलम ३ मध्ये काय शोध धरत नाही याची यादीच आहे. ओळखीच्या वस्तू नुसत्या शेजारी शेजारी मांडल्या आणि प्रत्येक आपापलंच काम करत राहिली, तर ते ३(एफ) मध्ये अडकतं. पेनाला टॉर्च, पोळपाटाला घड्याळ, छत्रीला पंखा ही मंडळी तिथेच जातात. विक्षिप्त वस्तूला पेटंट मिळत नाही असं नाही, पण भाग एकमेकांमुळे काहीतरी नवं करायला हवेत. निसर्गनियमाविरुद्ध जाणारी यंत्रं, म्हणजे वीज न घेता वीज देणारी आणि तत्सम, त्याच कलमात सुरुवातीलाच बाद होतात. दर वर्षी एकजण तरी चुंबकांचं चाक घेऊन येतो. चहा पाजून परत पाठवतो.

तपासा : तुमचा एक भाग काढून टाकला तर नेमकी कोणती अडचण परत येते? उत्तर एका दमात देता आलं नाही तर टप्पा ३ ला जाऊ नका.

## टप्पा ३ : जगात आधी कुणी केलंय का

हा टप्पा लोक दहा मिनिटांत उरकतात. याला दोन-तीन रविवार द्या.

भारतीय अर्जांसाठी पेटंट कार्यालयाची इनपास ही फुकट शोधसेवा आहे. परदेशी अर्जांसाठी एस्पेसनेट, गूगल पेटंट्स आणि पेटंटस्कोप. घोळ होतो तो शब्दांचा. 'भुट्टा किसणी' टाकून काही मिळत नाही आणि माणूस खूश होतो, "कुणीच केलं नाही!" पेटंटच्या भाषेत तीच वस्तू 'कॉर्न कटर', 'कर्नल रिमूव्हर', 'ग्रेटिंग डिव्हाइस' अशा नावांनी पडून असते. ओल्या मक्याचे दाणे कापायच्या यंत्रांची पेटंटं अमेरिकेत एकोणिसाव्या शतकातच निघालेली आहेत. मला ती सापडली त्या रात्री जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी नीट वाचली तर त्यात पातं होतं, किसणी नव्हती, आणि निमुळत्या टोकाची काळजी त्यातल्या एकात वेगळ्या पद्धतीनं घेतली होती. तेव्हा कुठे आपलं वेगळेपण कशात आहे ते कळलं.

शब्दांपेक्षा वर्गीकरणाचा आकडा भरवशाचा. स्वयंपाकघरातली साधनं 'ए४७जे' या वर्गात येतात आणि किसायची साधनं त्यातल्या '४३/२५' मध्ये. मक्याची मळणी मात्र शेतीच्या वर्गात, 'ए०१एफ' मध्ये. दोन्हीकडे पाहा. जवळची पाच पेटंटं निवडा आणि चित्रं व दावे (नेमका कशावर हक्क मागितलाय ते सांगणारी वाक्यं) वाचून प्रत्येकासमोर लिहा : यात काय आहे, माझ्यात जास्त काय आहे.

सावध : बाजारात दिसत नाही म्हणजे नवं, असं नसतं. हजारो पेटंटं कधी दुकानात आलीच नाहीत, पण नवेपणा मारायला ती पुरतात.

शोधाशोध करूनही वेगळेपण फक्त आकारात उरलं, म्हणजे किसणी भुट्ट्यासारखी दिसते एवढंच, तर पेटंटचा नाद सोडा आणि डिझाइन नोंदणी करा. ती दिसण्याला मिळते, कामाला मिळत नाही. मुदत १० वर्षं आणि नूतनीकरणानं आणखी ५, व्यक्तीसाठी अर्जाची सरकारी फी १,००० रुपये. नवेपणाची अट तिथेही आहे, म्हणून दाखवण्याआधी अर्ज हा क्रम तसाच राहतो.

## टप्पा ४ : प्रोव्हिजनल अर्ज

यंत्र अजून सुधारतंय पण कल्पना पक्की आहे, अशा वेळी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज करून तारीख पकडायची. फॉर्म १ म्हणजे अर्ज, फॉर्म २ म्हणजे वर्णन. व्यक्ती, स्टार्टअप, छोटा उद्योग यांना ऑनलाइन फी १,६०० रुपये, कागदावर दिलं तर १,७५०. ३० पानं आणि १० दावे यात बसतात. पुढे प्रत्येक पानाला १६० आणि प्रत्येक दाव्याला ३२० रुपये.

इंदूर असो, ग्वाल्हेर असो की वडोदरा, मध्य प्रदेश आणि गुजरात दोन्ही मुंबई पेटंट कार्यालयाच्या कक्षेत येतात. ग्वाल्हेरचे लोक दिल्ली जवळ म्हणून तिकडे धाव घेतात आणि फुकट फेरी होते. ऑनलाइनसाठी डिजिटल सही लागते. सुनावणीही आता व्हिडिओवर होते, त्यामुळे मुंबईला जायची वेळ सहसा येत नाही.

मजकूर हिंदीत किंवा इंग्रजीतच चालतो, मराठीत नाही. माझा सल्ला : आधी मराठीत लिहा, मगच भाषांतर करा. उलटं केलं की माणूस अवघड शब्दांमागे लपतो आणि खिळी कुठे आहे तेच लिहायचं राहतं.

सर्वांत मोठी चूक म्हणजे दीड पानाचा प्रोव्हिजनल. जे त्यात लिहिलेलं नाही त्याला ती तारीख मिळत नाही. स्प्रिंगऐवजी रबर चालेल? लिहा. अडणी स्क्रूनं कमी-जास्त करता येईल? लिहा. कणसाऐवजी गाजर, कच्ची पपई? तेही लिहा. चित्रं ए४ कागदावर, काळ्या स्वच्छ रेषांत, प्रत्येक भागाला आकडा. समास वर आणि डावीकडे ४ सेंमी, खाली आणि उजवीकडे ३ सेंमी. मोबाइलचा फोटो चिकटवू नका.

शोधक कोण, हेही याच वेळी ठरवा. तुम्ही सांगितलं तसं लेथवर काढून देणारा खरादी शोधक ठरत नाही. पण "किसणी झुलती ठेवा" हे त्यानं सुचवलं असेल, तर तो शोधक आहे आणि त्याचं नाव आलंच पाहिजे. मेहुण्याचं नाव प्रेमापोटी घालू नका. आणि तुम्ही नोकरीत असाल किंवा कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम केलं असेल, तर आधी तिथले नियम वाचा, कदाचित हक्क तुमचा नसेलच.

सावध : प्रोव्हिजनल झाला की डब्यावर 'पेटंटेड' छापायची घाई होते. मंजुरीआधी तसं छापणं कायद्याविरुद्ध आहे आणि त्याला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. 'पेटंट अर्ज दाखल' एवढंच लिहा.

## टप्पा ५ : खरा नमुना, आणि दुसऱ्याचे हात

आता कम्प्लीट, म्हणजे पूर्ण, वर्णन द्यायला १२ महिने हातात आहेत. यंत्र शंभर कणसांवर चालवा, पाच-सहावर नव्हे. कोवळं, जून, वाकडं, किडलेलं, सगळं. आमची स्प्रिंग कोवळ्या कणसाला जास्त दाबायची आणि दाण्याचा लगदा व्हायचा, हे चाळिसाव्या कणसाला कळलं.

नमुना बाहेर करून घेताना कामगाराला पूर्ण चित्र देऊ नका. काटे एकाकडे, किसणीची चौकट दुसऱ्याकडे, जुळणी घरी. पूर्ण वस्तू एकाकडेच द्यायची असेल तर गुप्ततेचा करार स्टॅम्प पेपरवर करा. त्यात चार गोष्टी हव्यात : काय गुप्त आहे, किती काळ, चित्रं परत कधी द्यायची, आणि साचा कुणाच्या मालकीचा. शेवटची अट सगळे विसरतात. पैसे तुम्ही दिले आणि साचा त्याच्या शेडमध्ये राहिला, तर हिवाळ्यात बर्तन बाजारात तुमचीच किसणी दुसऱ्या नावानं दिसेल. माझ्या ओळखीच्या एका बाईंचं असंच झालं. त्यांनी डाळ उपसायची जाळी केली होती. बिल त्यांच्याकडे होतं, पण साचा कुणाचा याबद्दल त्यावर अक्षर नव्हतं.

## टप्पा ६ : कम्प्लीट आणि दावे

१२ महिन्यांच्या आत कम्प्लीट वर्णन दिलं नाही तर प्रोव्हिजनल आपोआप सोडून दिल्यासारखा धरला जातो. एक बारीक सोय अशी की तो प्रसिद्ध होत नाही. वस्तू अजून कुणी पाहिलेली नसेल तर नव्या तारखेनं पुन्हा अर्ज करता येतो. पाहिलेली असेल तर खेळ संपला.

कम्प्लीटचा जीव दाव्यांत असतो. वर्णन कितीही सुंदर असो, तुमच्या जमिनीचं कुंपण म्हणजे दावा. माझा पहिला मसुदा असा होता :

"मक्याच्या कणसाचा कीस करण्याचं सोपं, स्वस्त व सुरक्षित यंत्र, ज्यात २ मिमी जाडीची स्टीलची किसणी व स्प्रिंग आहे."

एजंटनं तीन ठिकाणी लाल रेघ मारली. 'सोपं, स्वस्त' हे जाहिरातीचे शब्द, कुंपणात त्यांचं काम नाही. '२ मिमी' लिहिलं म्हणजे दीड मिमीवाला बाहेरून निघून गेला. 'स्प्रिंग' लिहिलं म्हणजे रबर लावणारा सुटला. आणि जो खरा शोध, झुलती किसणी आणि अडणी, तो वाक्यात नव्हताच. मग दावा झाला तो साधारण असा :

"कणीस किसण्याचं साधन, ज्यात कणीस आडवं धरून फिरवणारी धारक जोडी, मध्यभागी खिळीवर कलती बसवलेली किसणी, त्या किसणीला कणसाकडे दाबणारा लवचीक घटक, आणि किसणीच्या दोन्ही टोकांशी, तिची कणसाकडची सरक ठरावीक अंतरावर थांबवणारे अडथळे आहेत."

स्प्रिंग, रबर, जाडी, स्टील हे सगळं पुढच्या अवलंबित दाव्यांत एकेक करून घातलं. मुख्य दावा रुंद, खालचे अरुंद. परीक्षकानं वरचा तोडला तरी खालचा हाती राहतो. दावा एकाच वाक्यात असतो, तो वाचताना दम लागतो, त्याला इलाज नाही.

सारांश १५० शब्दांच्या आत, शीर्षक १५ शब्दांच्या आत. सोबत शोधकाचा फॉर्म ५ आणि परदेशी अर्जांचा फॉर्म ३.

पैसे वाचवायचेच असतील तर प्रोव्हिजनल स्वतः लिहा, पण दावे नोंदणीकृत पेटंट एजंटकडूनच घ्या. एजंट परीक्षा पास झालेला असतो आणि त्याचा नोंदणी क्रमांक असतो, तो विचारायला लाजू नका. स्टार्टअप म्हणून मान्यता असेल तर सरकारच्या योजनेत अर्ज करून देणाऱ्या मदतनीसाची फी सरकार देतं. राज्याचं पेटंट माहिती केंद्र भोपाळला विज्ञान परिषदेकडे आहे, गुजरातेत गांधीनगरला. ज्यांनी कॉलेज पाहिलं नाही अशा कारागिरांसाठी गांधीनगरजवळची राष्ट्रीय नवप्रवर्तन संस्था अर्जासाठीही मदत करते. वडोदऱ्याच्या मंडळींना ती आमच्यापेक्षा जवळ आहे.

तपासा : दावा शेजारच्या फिटरला वाचून दाखवा (अर्ज झालेला असल्यानं आता हरकत नाही) आणि म्हणा, "यातून पळवाट काढ." त्यानं पाच मिनिटांत काढली तर मसुदा परत पाठवा.

## टप्पा ७ : तारखा भिंतीवर लिहा

समजा प्रोव्हिजनल १० जुलै २०२५ ला केला. मग कम्प्लीट १० जुलै २०२६ पर्यंत. परदेशात जायचं असेल तर पीसीटी अर्जाची, म्हणजे अनेक देशांसाठी एकत्र करायच्या आंतरराष्ट्रीय अर्जाची, मुदतही तीच. 'जागतिक पेटंट' नावाची वस्तू नसते, शेवटी देशादेशात वेगळी फी भरावी लागते आणि भुट्ट्याच्या किसणीसाठी ती भरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. अर्ज १८ महिन्यांनी, म्हणजे जानेवारी २०२७ नंतर प्रसिद्ध होतो. घाई असेल तर फॉर्म ९ आणि २,५०० रुपये.

परीक्षणाची विनंती वेगळी करावी लागते, आपोआप होत नाही. फॉर्म १८, फी ४,००० रुपये, मुदत ३१ महिने, म्हणजे १० फेब्रुवारी २०२८. पूर्वी ४८ महिने होते, २०२४ मध्ये नियम बदलला आणि जुन्या माहितीवर विसंबलेले लोक अजूनही अर्ज गमावतात. जलद परीक्षणाचा फॉर्म १८ए ८,००० रुपयांचा. तो सगळ्यांना मिळत नाही, पण अर्जदारांत एक जरी स्त्री असली तर व्यक्तींच्या अर्जाला मिळतो. बायको खरोखर भागीदार असेल तर तिचं नाव अर्जदारांत घालण्याचा हा रोकडा फायदा.

सावध : अर्ज प्रसिद्ध झाला की परदेशी शिक्क्यांची पत्रं येऊ लागतात, "तुमची नोंद आमच्या रजिस्टरमध्ये, इतके डॉलर भरा." ती फसवणूक असते. भारतीय अर्जाची फी पेटंट कार्यालयाच्या पोर्टलवरच भरायची.

## टप्पा ८ : परीक्षण अहवाल आला

पहिला अहवाल वाचून छातीत धस्स होतं, कारण त्यात जवळजवळ प्रत्येक दावा नाकारलेला असतो. ही रीतच आहे. उत्तराला ६ महिने असतात. परीक्षकाचे पुरावे एकेक वाचा आणि टप्पा ३ चं तुमचं टिपण काढा. "आमचं यंत्र खूप उपयोगी आहे" असलं उत्तर देऊ नका. "पुरावा १ मध्ये किसणी स्थिर आहे, पुरावा २ मध्ये अडणी नाहीत, दोन्ही एकत्र केले तरी निमुळत्या टोकाचा प्रश्न सुटत नाही, कारण…" असं लिहा. गरज पडली तर मुख्य दाव्यात एक खालचा दावा ओढून घ्या. मूळ वर्णनात नसलेली नवी गोष्ट मात्र आता घालता येत नाही. टप्पा ४ मध्ये पानं का भरा म्हणालो ते इथे कळतं.

मंजूर झालं की तिसऱ्या वर्षापासूनची थकलेली वार्षिक फी एकदम भरावी लागते. तिसऱ्या ते सहाव्या वर्षापर्यंत व्यक्तीला वर्षाला ८०० रुपये, मग २,४००, पुढे ४,८०० आणि शेवटची पाच वर्षं ८,०००. मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं.

## टप्पा ९ : आता विकायचं कसं

दोनच वाटा : स्वतः बनवा किंवा हक्क वापरायला द्या. स्वतः बनवायचं तर साच्याचा खर्च लाखात जातो आणि भुट्ट्याचा हंगाम थोडा. म्हणून मी किसणी गाजराच्या हलव्यासाठीही चालेल अशी केली, आता हिवाळाही मिळतो. पाकिटावर किंमत, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, तक्रारीचा क्रमांक हवाच.

हक्क द्यायचा तर करार लेखी हवा आणि पेटंट कार्यालयात त्याची नोंद करून घ्या. रॉयल्टी नगावर ठेवा, 'नफ्यावर' कधीच नको, कारण नफा कागदावर दरवर्षी शून्य दाखवता येतो. वर्षाला किमान इतके नग, नाही विकले तरी तेवढी रॉयल्टी, ही अट घाला. नाहीतर एखादा तुमचं यंत्र घेऊन कपाटात ठेवील आणि आपलं जुनं विकत बसेल. प्रदेश लिहा, मुदत लिहा, हिशेब दर तिमाहीला मागा.

नक्कल करणारा दिसला तर कोर्टात खटला पेटंट मंजूर झाल्यावरच दाखल करता येतो, पण भरपाई अर्ज प्रसिद्ध झाल्याच्या तारखेपासूनची मागता येते. तोवर नकलेचा नग विकत घ्या, पक्कं बिल घ्या, फोटो काढून वहीत चिकटवा. माझ्या वहीत आजवर अशी तीन बिलं आहेत, तिसरं मागच्या भाद्रपदातलं.